टोमॅटो सँडविच आणि पाण्याचा प्रश्न

टोमॅटोच्या बिया आणि त्यांच्याभोवतीचा बुळबुळीत गर काढून टाकला की सँडविच गिच्च होत नाही, असे बरेच जण सांगतात. पाव कोरडा राहतो हे खरे, पण हा सल्ला मला मुळीच पटत नाही. कारण फेकला जातो तो टोमॅटोचा सगळ्यात चविष्ट भाग असतो.

2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात टोमॅटोचा बाहेरचा मांसल भाग आणि बियांभोवतीचा गर वेगवेगळे करून तपासले गेले. मांसल भागात किलोमागे सरासरी 1.26 ग्रॅम ग्लुटामिक आम्ल निघाले, तर गरात 4.56 ग्रॅम, म्हणजे साडेतीन पटींहून जास्त. याच आम्लामुळे जिभेला ‘उमामी’ ही भरीव चव कळते. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ते वेगळे काढले आणि गोड, आंबट, खारट, कडू यांच्याबरोबर आणखी एक मूळ चव आहे असे मांडले. पाव, बटर, टोमॅटो, मीठ आणि मिरी एवढ्याच साध्या सँडविचमध्ये चीज किंवा चटणी नसतानाही तोंड भरल्यासारखे वाटते, त्यात या गराचा मोठा वाटा असतो.

तेव्हा गर ठेवायचा आणि पाण्याचा बंदोबस्त दुसऱ्या मार्गाने करायचा.

पिकलेल्या टोमॅटोच्या वजनात सुमारे 95 टक्के पाणी असते. अख्ख्या टोमॅटोतून ते सहजी बाहेर पडत नाही, कारण सालीवर मेणासारखा थर असतो आणि पानांवर असतात तशी सूक्ष्म छिद्रे या फळाच्या सालीवर नसतात. बाष्प जाते ते मुख्यतः देठ तुटलेल्या जागेतून. म्हणून टोमॅटो देठाची बाजू खाली करून ठेवले तर ते उशिरा सुरकुततात. सुरी फिरली की मात्र चित्र बदलते. पेशी फुटतात, रस मोकळा होतो आणि शेजारी पाव असतो. पावाचा आतला भाग म्हणजे एकमेकांना जोडलेल्या बारीक पोकळ्यांचे जाळे. टीपकागद शाई ओढतो तसा तो केशाकर्षणाने रस ओढून घेतो. पोकळ्यांच्या भिंती स्टार्च आणि ग्लुटेनच्या असतात. त्या भिजून मऊ पडतात आणि बोटांच्या दाबाने बसतात.

यावर पहिला उपाय मीठ. टोमॅटोच्या चकतीवर मीठ भुरभुरले की ते पृष्ठभागावरच्या ओलाव्यात विरघळते आणि तिथे खारट द्रावण तयार होते. पेशींच्या आतला रस त्या मानाने सौम्य असतो, त्यामुळे परासरणाने पाणी पेशीपटलातून बाहेर, खारट बाजूकडे येते. पाच-दहा मिनिटांत चकतीवर थेंब जमलेले दिसतात. चकत्या ताटलीत न ठेवता जाळीवर किंवा चाळणीत ठेवल्या तर हे पाणी खाली निथळते, आणि पावात जाणारा ओलावा आधीच बाहेर पडलेला असतो. निथळल्यावर उरलेला टोमॅटो चवीला आणखी दाट लागतो. शिवाय मिठातले सोडियम आणि गरातले ग्लुटामेट (म्हणजे ग्लुटामिक आम्लाचेच रूप) एकत्र आले की उमामी जास्त ठळक होते. मीठ कडवटपणाही दाबते, त्यामुळे टोमॅटोचा गोडवा वर येतो.

पण अर्धा तास थांबणे मला योग्य वाटत नाही. टोमॅटोचा ताजा, हिरवट, गवतासारखा वास अख्ख्या फळात जवळजवळ नसतोच. चिरल्यावर फुटलेल्या पेशींतली विकरे (एन्झाइम) स्निग्धाम्लांवर काम करतात तेव्हा तो तयार होतो. त्या वासामागचे मुख्य संयुग म्हणजे सिस-3-हेक्झेनाल. ते झटपट तयार होते आणि टिकाऊ नसल्यामुळे लवकरच दुसऱ्या संयुगांत बदलते. मिठाला वेळ हवा आणि वासाला घाई, अशी इथे ओढाताण आहे. दहा मिनिटे हा मला सोयीचा मध्य वाटतो. तेवढ्यात पाव भाजून होतो.

वासाचा विषय निघाला आहे तर फ्रिजबद्दल सांगायलाच हवे. पिकलेला टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवला की त्यातली साखर आणि आम्ले फारशी बदलत नाहीत, तरी तो फिका लागतो. याचे कारण फ्लोरिडा विद्यापीठातल्या हॅरी क्ली यांच्या गटाने 2016 मध्ये दाखवले. टोमॅटो 5 अंश सेल्सिअसला सात दिवस ठेवल्यावर वासाची संयुगे बनवणाऱ्या अनेक जनुकांचे काम मंदावले. त्याच काळात डीएनएवर मिथाइल गटांच्या रूपात बसणाऱ्या रासायनिक खुणाही बदललेल्या आढळल्या. नंतर टोमॅटो खोलीच्या तापमानाला आणून ठेवले तरी वास पूर्ण परतला नाही. सँडविचमध्ये टोमॅटो शिजत नाही आणि त्याच्या उणिवा झाकणारा मसालाही नसतो, म्हणून इथे हा फरक सर्वांत जास्त जाणवतो. टोमॅटो बाहेरच पिकू द्यावा आणि पिकल्यावर लवकर खावा.

पावालाही फ्रिज मानवत नाही, त्याची कारणे मात्र वेगळी आहेत. पाव शिळा होणे म्हणजे वाळणे अशी आपली समजूत असते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ झां-बातिस्त बुसँगो यांनी 1852 मध्येच दाखवले की ओलावा न गमावताही पाव शिळा होतो. भाजताना सैल झालेले स्टार्चचे रेणू थंड झाल्यावर हळूहळू पुन्हा शिस्तीत रचले जातात आणि पाव कडक होतो. फ्रिजच्या तापमानाला ही रचना अधिक वेगाने होते. पुन्हा गरम केल्यावर ती बरीचशी मोडते, म्हणून आदल्या दिवशीचा पाव भाजून या सँडविचसाठी छान चालतो.

भाजताना पृष्ठभागावरचे पाणी उडते, तापमान साधारण 140 अंशांच्या पुढे जाते आणि अमिनो आम्ले व साखर यांच्यात मेयार अभिक्रिया जोरात सुरू होते. लुई-कामीय मेयार या फ्रेंच संशोधकाने 1912 मध्ये तिचे वर्णन केले होते. तपकिरी रंग आणि खरपूस वास तिच्यामुळेच येतो. मात्र भाजलेला पाव पाणी अडवतो असे समजू नये. कोरडा झाल्यामुळे उलट तो पाणी शोषायला अधिक तयार असतो. त्याची चौकट ताठ झालेली असते, म्हणून भिजायला लागला तरी काही वेळ आकार सोडत नाही, इतकेच.

पाणी खरोखर अडवते ते बटर. त्यात सुमारे 80 टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेले पाणी बारीक थेंबांच्या रूपात त्या स्निग्धांशात अडकलेले असते. पावावर त्याचा सलग थर बसला की टोमॅटोच्या रसाला पोकळ्यांपर्यंत वाट मिळत नाही. मेयोनीजमध्ये रचना उलटी असते, पाण्यात तेलाचे थेंब. म्हणून चवीला ते उत्तम असले तरी पाण्याला बटरइतके रोखत नाही. बटर 32 ते 35 अंशांच्या आसपास वितळते. तव्यावरून उतरवल्या उतरवल्या लावले तर ते पातळ होऊन पावात मुरते आणि वर सलग थर उरत नाही. भाजलेला पाव मिनिट-दोन मिनिटे उभा टेकवून ठेवावा, म्हणजे वाफ खाली कोंडून तो मऊही पडत नाही. मग मऊ बटर अगदी कडेपर्यंत लावावे. कडा सुटल्या तर रस तिथूनच शिरतो. दोन्ही कापांना आतून बटर हवे, वरच्या कापालाही.

टोमॅटोचा लाल रंग ज्या लायकोपीनमुळे येतो ते पाण्यात विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळते. त्यामुळे बटर असताना ते शरीरात जास्त शोषले जाते.

सुरी धारदार किंवा दातेरी घ्यावी आणि दाबण्याऐवजी मागेपुढे ओढावी. साल चिवट आणि आतला भाग मऊ असल्यामुळे नुसता दाब दिला तर साल कापली जाण्याआधीच आतल्या पेशी चिरडतात आणि गर बाहेर सांडतो. ओढून कापले की साल कमी दाबातच चिरली जाते. मिरी आयत्या वेळी भरडावी. तिचा तिखटपणा टिकतो, पण सुवास उडून जातो.

सँडविच डब्यात न्यायचे असेल तर बटर लावलेला पाव आणि निथळलेल्या चकत्या वेगळ्या न्याव्यात आणि खाताना जोडाव्यात. चाळणीखाली साठलेला रस ओतून देऊ नये. त्यात मीठ, साखर, आम्ल आणि ग्लुटामेट सगळे उतरलेले असते. थोडे तेल घालून घुसळला की तो सॅलडवर घालता येतो.