श्वान नेमकं का घुटमळतं?

कोकणातल्या चोरीच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं : ‘श्वान पथकाला पाचारण करण्यात आले, मात्र श्वान रस्त्यापर्यंत जाऊन घुटमळले.’ लहानपणी आमच्या वाडीत चोरी झाली तेव्हा हे घुटमळणं मी पाहिलं. चोराच्या हातून पडलेल्या टॉवेलाचा वास घेऊन डॉबरमन पाखाडीच्या पायऱ्या उतरला, दगडी गडग्याच्या कडेकडेने डांबरी रस्त्यावर आला, दोन गिरक्या घेतल्या आणि हवालदाराच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. फेरा फुकट गेला, असं लोक म्हणाले. मला ते आजही पटत नाही. चोर तिथून गाडीत बसला, एवढं त्या मुक्या जनावराने दाखवून दिलं होतं.

माग म्हणजे माणसाच्या अंगावरून झडणारे त्वचेचे बारीक कण, घाम आणि पायाखाली तुडवलेल्या गवता-मातीचा वास. ओलसर सावलीत तो टिकतो. एप्रिलमधल्या तापलेल्या कातळावर उडून जातो, आषाढातल्या सरींत धुऊन जातो. त्यात आमच्याकडे दिवसा समुद्राकडून खारा वारा, रात्री जमिनीकडून मतलई. म्हणून चोरी झालेल्या घरात गर्दी करून फिरू नये. श्वान येईपर्यंत जेवढी पावलं उमटतील तेवढा माग बिघडतो.

कुत्र्यांना पोलिसी कामासाठी रीतसर शिकवण्याची सुरुवात १८९९ मध्ये बेल्जियममधल्या घेंट शहरात झाली. आपल्याकडे मद्रास पोलिसांनी १९५१ मध्ये श्वान पथक उभारलं, मुंबई पोलिसांनी १९५९ मध्ये तीन डॉबरमन घेऊन. तेव्हाचं मुख्य काम माग काढण्याचंच. पण १९६९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा मागाला पुरावा म्हणून फारसं वजन देता येत नाही, असं सांगितलं. श्वानाची उलटतपासणी घेता येत नाही, हा त्यातला एक आक्षेप. तेव्हापासून श्वानाने तपासाला दिशा द्यायची आणि पुरावा माणसाने गोळा करायचा, अशीच वाटणी राहिली आहे.

या कामाचं रूप पालटलं ते १९९३ मध्ये, आणि त्याचा धागा आमच्या किनाऱ्याशी जुळलेला आहे. त्या वर्षाच्या सुरुवातीला श्रीवर्धन तालुक्यात दिघी आणि शेखाडीला शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं. १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले, २५७ माणसं गेली. पुण्याच्या सीआयडी केंद्रात शिकलेला ‘जंजीर’ नावाचा लॅब्राडॉर नुकताच मुंबईच्या बॉम्बशोधक पथकात आला होता. त्याने ३,३२९ किलो आरडीएक्स आणि २४९ हातबॉम्ब शोधून दिले. २००० च्या नोव्हेंबरमध्ये तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला इतमामाने निरोप दिला. त्याच्या कामामुळे किती घरं उजाड व्हायची राहिली, याचा हिशेब कोण मांडणार!

असा श्वान निवडताना नुसती जात बघून भागत नाही. पिल्लू काही महिन्यांचं असतानाच परीक्षा होते. उंच गवतात चेंडू फेकायचा. दिसेनासा झाला तरी ते शोधत राहतं का? शेजारी पत्र्याचा डबा आपटायचा. दचकलं तर चालेल, पण पुन्हा जवळ येऊन हुंगतं का? भित्रं नको, तसं अंगावर धावणारंही नको. मग साधारण सहा महिने एकाच हस्तकाच्या, म्हणजे त्याला सांभाळणाऱ्या पोलिसाच्या, हाताखाली शिक्षण. स्फोटकाचा वास सापडला की चेंडू मिळतो, एवढं एकच गणित त्याच्या मनात पक्कं करायचं. सापडल्यावर भुंकायचं नाही, उकरायचं तर नाहीच, कारण धक्क्यानेही स्फोट होऊ शकतो. गप्प बसायचं.

मागे एका जेटीवर तपासणी चालली होती. सुक्या मासळीच्या टोपल्या, डिझेलचे कॅन, ओली जाळी. लॅब्राडॉर त्या सगळ्यांवरून नाक फिरवत गेला, बांगड्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. काहीच सापडलं नाही. शोधून शोधून हाती काही लागलं नाही तर श्वान हिरमुसतो, पुढच्या वेळी जोर लावत नाही. म्हणून हस्तकाने जवळचा स्फोटकाचा सरावाचा नमुना गुपचूप जाळ्यांच्या ढिगात सरकवला आणि त्याला पुन्हा सोडलं. ढिगाशी येताच तो थबकला, शेपूट ताठ झाली, आणि ओल्या फरशीवर बसून त्याने मान वळवली. हस्तकाच्या खिशातून चेंडू बाहेर आला.