रत्नागिरीत उणे ४० अंश

मे महिन्याच्या दुपारी रत्नागिरीत एखाद्या जुन्या गाडीला दोष वाचणारा स्कॅनर लावावा आणि पडद्यावर ‘कूलंट तापमान उणे ४०’ (कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी) असं दिसावं, यात गॅरेजवाल्यांना काही नवल वाटत नाही. दापोलीला कोकणातलं मिनी महाबळेश्वर म्हणतात खरं, पण उणे ४० काही तिथंही होत नाही. सोबत दोषाचा कोड असतो पी०११८. मोबाईलवर शोधलं की उत्तर हजर: कूलंट सेन्सर खराब. मग नवा सेन्सर येतो, चेक इंजिनचा दिवा विझतो आणि मृगाच्या दोन सरी पडल्या की परत लागतो.

खरं तर पी०११८ ‘सेन्सर खराब’ असं म्हणतच नाही. कूलंट सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज नको तितकं जास्त आहे, एवढीच त्याची तक्रार आहे. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, दोन वायरी आहेत, त्या सेन्सरला जोडणारा कपलर आहे, अर्थिंग आहे आणि टोकाला कॉम्प्युटर म्हणजे ईसीयू आहे. दोष यातल्या कशातही असू शकतो. खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात संशयाचं पहिलं बोट कपलरकडे जायला हवं, पैसे मात्र सेन्सरवर जातात.

उणे ४० हा आकडा येतो कुठून, ते पाहण्यासारखं आहे. कूलंटचा सेन्सर म्हणजे तापमानाबरोबर रोध बदलणारा एक छोटा घटक, थर्मिस्टर. गार असताना त्याचा रोध जास्त, तापला की कमी. पुष्कळ गाड्यांत २० अंशाला तो सुमारे २५०० ओहम असतो, ६० अंशाला ६०० च्या आसपास आणि ८० अंशाला जेमतेम ३२०. ईसीयू आपल्या पोटातल्या एका ठरावीक रोधातून ५ व्होल्ट बाहेर सोडतो आणि सेन्सरच्या टोकाशी किती व्होल्ट उरले ते मोजतो. इंजिन गार असेल तर जास्त, गरम असेल तर कमी. वायर तुटली किंवा कपलर सुटला की प्रवाहच थांबतो, ५ च्या ५ व्होल्ट जागेवर दिसतात. ईसीयूच्या तक्त्यात इतक्या व्होल्टेजसमोर सगळ्यात थंड आकडा लिहिलेला असतो, उणे ४०. म्हणजे तो आकडा तापमानाचा नाहीच, ‘पलीकडे कोणी नाही’ याची ती खूण आहे.

यातूनच एक सोपी तपासणी निघते. किल्ली ऑन, इंजिन बंद, स्कॅनरवर कूलंटचं तापमान उघडं ठेवायचं. कपलर काढला की उणे ४० दिसलं पाहिजे. आता कपलरमधल्या दोन वायरी तारेच्या तुकड्याने एकमेकींना जोडल्या की आकडा एकदम दुसऱ्या टोकाला, १२० च्या वर उडाला पाहिजे. दोन्ही घडलं तर वायरिंग आणि ईसीयू ठीक, दोष सेन्सरचा किंवा कपलरमधल्या जोडाचा. तार जोडूनही आकडा उणे ४० ला चिकटून राहिला, तर नवा सेन्सर आणून काही होणार नाही. एक मात्र सांभाळा. ही तार फक्त दोन वायरींच्या तापमान-सेन्सरलाच लावायची. तीन वायरींच्या सेन्सरला ५ व्होल्टची स्वतंत्र वायर येते. ती पुष्कळदा इतर सेन्सरांनाही सामाईक असते, आणि अर्थला टेकली की एकाच वेळी चार-पाच सेन्सरांचे कोड येतात. असे कोड घोळक्याने आले तर सगळे सेन्सर एकदम मेले असं समजू नये. सामाईक ५ व्होल्ट किंवा सामाईक अर्थ आधी बघावा.

वायर पूर्ण तुटलेली असेल तर काम सोपं. खरा छळ होतो अर्धवट गंजलेल्या कपलरचा. समजा पिनांवर हिरवा थर चढला आणि वाटेत ३०० ओहमचा जादा रोध आला. सकाळी गाडी थंड असताना, ३० अंशाला, सेन्सरचा रोध १७०० च्या घरात असतो. त्यात ३०० मिळवले तर ईसीयूला २६ अंश वाटतात. चार अंशांचा फरक कोणाच्याही लक्षात येत नाही. पण इंजिन तापून ८० ला पोहोचलं की ३२० अधिक ३००, म्हणजे ईसीयूच्या लेखी साठही नाहीत. इंजिन अजून पुरतं तापलेलं नाही असं समजून तो पेट्रोल जास्त सोडतो. धूर काळा पडतो, ॲव्हरेज बसतं.

याहून वाईट गोष्ट पंख्याची. अनेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा ईसीयू याच सेन्सरच्या भरवशावर सुरू करतो. खरं तापमान १०० ला गेलं तरी त्याला ६६ दिसत असेल, तर पंखा लागेल कशाला? आंबोलीचा घाट चढताना पाणी उकळतं, आणि स्कॅनर सांगतो की इंजिन गार आहे. आणखी गंमत म्हणजे व्होल्टेज मर्यादेतच असल्याने पी०११८ येतच नाही. आलाच तर पी०१२८ येतो, म्हणजे ‘इंजिन अपेक्षेइतकं तापत नाही’. त्यावर मिस्त्री थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची वाट उघडणारी-मिटणारी झडप, बदलतो. कोडचा अर्थ बरोबर, बदललेला भाग चुकीचा.

कोकणातच हे इतकं का होतं? समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण येऊन बसतात. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते याहून कमी आर्द्रतेत ओलं होतं. म्हणजे मालवण-वेंगुर्ल्याच्या हवेत कपलर ओला व्हायला पाऊस पडावाच लागत नाही. मिठाचं पाणी, तांबं आणि सतत लागलेलं व्होल्टेज इतकं जमलं की गंज चढायला सुरुवात होते. त्यात सेन्सरचा प्रवाह जेमतेम एक मिलिॲम्पिअर. हेडलाइटचा पाच ॲम्पिअरचा प्रवाह पिनांवरचा पातळ थर फोडून पार होतो, सेन्सरच्या प्रवाहात तेवढा जोर नसतो. म्हणून दिवे लख्ख लागतात आणि सेन्सर खोटं बोलतात. वर्षातले दहा महिने पडवीत झाकून ठेवलेली आणि शिमगा-गणपतीलाच बाहेर निघणारी चाकरमान्यांची गाडी तर यात हटकून सापडते, कारण इंजिनच्या उष्णतेने ओल उडून जायची तिला संधीच मिळत नाही. उंदरांचा प्रश्न आहेच. रबराच्या नळ्या आणि वायरी त्यांना सारख्याच प्रिय.

नळ्यांवरून पी०१७१ आठवला, ‘मिश्रण पातळ’. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग हे प्रमाण राखलं जातंय का, हे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर पाहतो. हवा जास्त झाली की त्याचं व्होल्टेज ०.१ कडे झुकतं, पेट्रोल जास्त झालं की ०.९ कडे. हा कोड दिसला की पुष्कळांना पहिला राग ऑक्सिजन सेन्सरचा येतो. तो बिचारा बहुतेक वेळा जे दिसतं तेच सांगत असतो. ईसीयूने पेट्रोल किती टक्के वाढवलंय, म्हणजे फ्युएल ट्रिम, ते स्कॅनरवर पाहा. आयडलिंगला ट्रिम २० टक्के आणि २५०० आरपीएमला चार-पाच टक्क्यांवर आलं, तर कुठून तरी चोरटी हवा शिरतेय, कारण आरपीएम वाढले की एकूण हवेत त्या गळतीचा वाटा छोटा होतो. उलट चढावर, लोडवर ट्रिम वाढत गेलं तर पेट्रोल कमी पडतंय. फिल्टर आणि पंप बघा.

मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीचा, दाब मोजणारा मॅप सेन्सर तपासायला तर आपला भूगोलच कामी येतो. किल्ली ऑन, इंजिन बंद असताना त्याने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा. मालवणच्या किनाऱ्यावर १०० किलोपास्कलच्या आसपास, आणि सुमारे ६९० मीटर उंचीच्या आंबोलीत ९३ च्या जवळपास. किनाऱ्यावरच ८५ दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायरिंग संशयित.

कोड उडवायची घाई मात्र करू नये. दोष नोंदवला गेला त्या क्षणीचे आरपीएम, तापमान, लोड ईसीयू साठवून ठेवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड क्लिअर केला किंवा बऱ्याच गाड्यांत बॅटरीची वायर जरी काढली, तरी ही नोंद जाते. आधी पडद्याचा फोटो काढा. पुष्कळ दोषांचा दिवा लागोपाठ दोन फेऱ्यांत तीच गडबड दिसल्यावरच लागतो, त्यामुळे क्लिअर केल्यावर तो विझला म्हणजे दोष गेला असं होत नाही. दिवा उघडझाप करत असेल तर इंजिन जोरात मिसिंग मारतंय आणि न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळायला निघालंय. अशा वेळी गाडी दामटू नये.

फार जुन्या गाडीचं दुखणं वेगळं. अमेरिकेत सगळ्या कंपन्यांना एकच कोडभाषा १९९६ पासून सक्तीची झाली. आपल्याकडे बीएस-४ हे गाड्यांच्या धुराचे नियम, म्हणून बीएस-४ २०१० मध्ये मुंबई-पुण्यासारख्या १३ शहरांत आलं, देशभर लागू व्हायला २०१७ उजाडलं. त्या यादीत रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं एकही गाव नव्हतं. त्यामुळे त्या काळातली एमएच-०८ ची, म्हणजे रत्नागिरीची, गाडी आणि तेच मॉडेल, तेच साल असलेली मुंबईची गाडी आतून वेगळी निघू शकते. स्कॅनर लावायचं सोळा पिनांचं सॉकेट असूनही स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर ‘कनेक्ट होत नाही’ म्हणाला, तर स्कॅनर मोडका असेलच असं नाही. गाडी कंपनीची स्वतःची भाषा बोलत असेल, आणि ती येणारा स्कॅनर गॅरेजमध्येच मिळेल.

कपलर साफ करायचा तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, पिनांवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि पूर्ण सुकू द्या. पॉलिशपेपर नको, पिनांवरचा मुलामा जातो आणि पुढचा गंज आणखी वेगाने चढतो. पिनेची पकड सैल वाटली तर ती पिन बदलणंच बरं. रबरी सीलला डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहू देणाऱ्या, ग्रीसचं पातळ बोट फिरवा. मग इंजिन चालू करून बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामध्ये मल्टीमीटर लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिनची अर्थची पट्टी सोडवून दोन्ही टोकं घासून घ्या, आणि मगच सेन्सरच्या दुकानात जा.