आयात मालाचे सीमाशुल्क वर्गीकरण: नियम, अग्रिम निर्णयाची पात्रता आणि कागदपत्रे

बिल ऑफ एन्ट्रीमध्ये (आयात मालासाठी सीमाशुल्क विभागाकडे दाखल करायच्या विवरणपत्रात) मालाचा जो आठ अंकी कोड लिहावा लागतो, त्याचे पहिले सहा अंक जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या एचएस (वस्तूंच्या सामाईक सांकेतिक वर्गीकरणाच्या) प्रणालीतले असतात आणि शेवटचे दोन भारताने जोडलेले असतात. शुल्काचा दर, सवलती आणि पुष्कळदा आयातीच्या अटीही याच कोडवर ठरतात. २०११ पासून स्वयं-निर्धारण (आयातदाराने स्वतःच शुल्क ठरवणे) लागू असल्याने हा कोड अचूक निवडण्याची पहिली जबाबदारी आयातदाराची आहे.

सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ मधील सहा सर्वसाधारण नियमांपैकी पहिला नियम सांगतो की विभाग व प्रकरणांची नावे केवळ संदर्भासाठी आहेत. निर्णय शीर्षातील (कोडच्या पहिल्या चार अंकांनी दर्शवलेल्या वस्तुगटाच्या वर्णनातील) शब्द आणि विभाग-प्रकरणांच्या टिपा यांवरच करायचा. दुर्दैवाने सर्वाधिक दुर्लक्ष या टिपांकडेच होते. लहान मुलांची तीनचाकी सायकल खेळण्यांच्या ९५०३ या शीर्षात मोडते, म्हणून त्यांची दुचाकी सायकलही तिथेच दाखवण्याचा मोह होतो. परंतु ९५व्या प्रकरणाची पहिली टीप ती स्पष्टपणे वगळून ८७१२ मध्ये पाठवते. हीच सायकल न जोडता, सर्व भाग एकत्र खोक्यात भरून आली, तरी दुसऱ्या नियमानुसार ती पूर्ण सायकलच ठरते, सुटे भाग नव्हेत. दोन शीर्षे लागू होत असतील तर तिसऱ्या नियमानुसार अधिक नेमक्या वर्णनाचे शीर्ष घ्यावे, मिश्र वस्तू किंवा किरकोळ विक्रीच्या संचासाठी मुख्य स्वरूप देणारा घटक पाहावा आणि तरीही निर्णय होत नसेल तर क्रमाने शेवटी येणारे शीर्ष निवडावे. उरलेले नियम सर्वांत जवळच्या वस्तूशी साम्य, आवेष्टने आणि उपशीर्षांची तुलना यांविषयी आहेत.

शंका राहिल्यास माल मागवण्यापूर्वीच सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे (वर्गीकरणासारख्या प्रश्नांवर आधीच बंधनकारक निर्णय देणाऱ्या संस्थेकडे) अर्ज करणे हिताचे आहे. त्याची कार्यालये मुंबई आणि नवी दिल्ली येथे आहेत. वैध आयात-निर्यात कोड (आयातदार-निर्यातदाराचा सरकारी ओळख क्रमांक) असलेली व्यक्ती किंवा भारतात माल पाठवणारा परदेशी निर्यातदार अर्ज करू शकतो. इतरांना प्राधिकरणाला पटेल असे सबळ कारण द्यावे लागते. मात्र तोच प्रश्न अर्जदाराच्या प्रकरणात अधिकारी, न्यायाधिकरण किंवा न्यायालयापुढे प्रलंबित असेल, तर अर्ज स्वीकारला जात नाही. सीएएआर-१ या नमुन्यातील अर्जासोबत १०,००० रुपये शुल्क भरावे आणि आपल्या मते कोणते शीर्ष योग्य, ते टिपांच्या आधारे मांडावे. कॅटलॉग, तांत्रिक माहितीपत्रक, घटकांचे प्रमाण आणि उपलब्ध असल्यास चाचणी अहवाल जोडावा. "प्लॅस्टिक वस्तू" असे मोघम वर्णन निरुपयोगी ठरते. निर्णयासाठी कायद्याने तीन महिन्यांची मुदत दिली आहे आणि कायदा किंवा वस्तुस्थिती न बदलल्यास तो कायद्याने ठरवलेल्या काळापर्यंत अर्जदारावर व संबंधित सीमाशुल्क अधिकाऱ्यांवर बंधनकारक राहतो.