वेल्डिंगचे अवशिष्ट ताण आणि पोलादी खांब: एक खुलासा

‘वेल्डिंगच्या सांध्यालगत पोलाद आधीच यील्ड ताणापर्यंत (ज्यापुढे पोलाद कायमचे विकृत होते) ताणलेले असते, म्हणून पट्ट्या वेल्ड करून बनवलेल्या जोडखांबाची निम्मी ताकद बांधकामाआधीच खर्च होते’ हा समज बांधकाम क्षेत्रात बराच जुना आहे. त्यातला पहिला भाग खरा आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा. थंड होताना आकसणारा सांधा ताणात (ओढीत) राहतो, उरलेला छेद दाबात जातो (भाराविना आत उरणारे हेच अवशिष्ट ताण) आणि दोन्हींची बेरीज शून्य होते. त्यामुळे आखूड, जाड खांबाचा अंतिम भार जवळजवळ बदलत नाही.

खरा फटका मध्यम सडपातळ खांबांना बसतो, कारण फ्लँजच्या (आय-आकाराच्या छेदातील दोन आडव्या पट्ट्यांच्या) दाबातल्या कडा लवकर यील्ड होतात, ताठपणा घटतो आणि खांब अपेक्षेआधी वाकतो. (गॅसने कापलेल्या पट्ट्यांच्या कडा ताणात असतात, त्यामुळे तिथे नुकसान कमीच.) अतिसडपातळ खांब यील्डपूर्वीच वाकत असल्याने त्यांच्यावर परिणाम अल्प होतो.

वेल्डिंगविना, गरम पोलाद रोल करून बनवलेले सेक्शनही ताणमुक्त नसतात. असमान थंड होण्याने त्यांतही असे ताण उरतात, हे 1950 च्या दशकात अमेरिकेतील लीहाय विद्यापीठाच्या चाचण्यांनी दाखवले. पोलादी बांधकामाची भारतीय मानक संहिता आयएस 800:2007 हा परिणाम बकलिंग वक्रांतच (सडपातळपणानुसार खांब वाकण्याआधी किती भार घेईल ते दाखवणाऱ्या आलेखांत) धरते: 40 मिमीपर्यंतच्या फ्लँजच्या वेल्डेड आय-सेक्शनला दुर्बल अक्षाभोवती (ज्या दिशेने तो सहज वाकतो) ‘सी’ वक्र, म्हणजे अपूर्णता गुणांक (असे ताण व इतर दोषांचा परिणाम धरणारा आकडा) 0.49.