वारा वाढला की शीड कमी करा (नव्या शिडासोबतची चिठ्ठी, टाकून देऊ नका)

नमस्कार मंडळी. आमचं दुकान मुळात ताडपत्रीचं, सोयाबीनच्या गंजीवर टाकायच्या ताडपत्र्या, ट्रॉलीची झाकणं, शेडनेट हे रोजचं काम. संभाजीनगरच्या एका गिऱ्हाइकानं मुंबईकडं जुनी सेलबोट घेतली अन् फाटलेलं शीड आमच्याकडं घेऊन आले, तेव्हापासून शिडं पण शिवायलोत. समुद्र आम्ही कमीच बघितलाय पण फाटकी शिडं लई बघितलीत, म्हणून हे लिहायलोय.

पहिली गोष्ट, वारा दुप्पट झाला की दाब दुप्पट नाही, चौपट होतो. 10 नॉटचा (नॉट म्हणजे समुद्रावरचं वेगाचं माप, ताशी जवळपास 1.85 किमी) 14 झाला तरी दाब जवळपास डबल. मे महिन्यात वावटळ सुटली की घरावरचे पत्रे कसे उडतात ते आपल्याकडं कुणाला सांगायची गरज नाही, अन् शीड म्हणजे मुद्दाम वाऱ्यात उभा केलेला पत्राच की.

आता बरेच जण म्हणतात बोट झुकली तर झुकू द्या, स्पीड भारी मिळतोय. मिळत नसतो. 20-25 डिग्रीच्या पुढं बोट कलली की ती सरळ जायचं सोडून वाऱ्याच्या तोंडाकडं वळायला बघते, तुम्ही टिलर (सुकाणू फिरवायचा दांडा) जीव खाऊन ओढून धरता, अन् तेवढं तिरकं धरलेलं सुकाणू पाण्यात ब्रेकसारखं काम करतं. बैलगाडीत एक बैल तगडा अन् दुसरा मरतुकडा असला की गाडी एका अंगाला ओढते ना, तसंच. कासरा कितीबी खेचा, उपयोग नाही, जोडी सारखी करावी लागते. म्हणून हात दुखायला लागले की आधी शिडाकडं बघा. शीड कमी केलं की बोट उभी राहते अन् बहुतेक वेळा स्पीड तेवढाच राहतो, कधी वाढतो पण.

कमी करायचं ते पुढचं अन् मागचं दोन्ही शिडं, बेतानं. नुसता पुढचा जेनोआ (पुढचं मोठं शीड) गुंडाळला अन् मेन (डोलकाठीमागचं मुख्य शीड) पूर्ण ठेवला तर मागं जोर जास्त होतो, टिलर आणखी ओढतो. नुसता मेन लहान केला अन् पुढं मोठा जेनोआ तसाच, तर नाक वाऱ्यापासून लांब पळतं. आधी कोणतं कमी करायचं ते बोटीवर आहे. मोठ्या जेनोआच्या जुन्या बोटी असतात त्यात आधी पुढचं, मेन मोठा अन् पुढं जिब (लहान शीड) असेल तर आधी मेन. दोन-तीन वेळा करून बघा, टिलर दोन बोटांत धरता आला म्हणजे जमलं.

मेनला रीफ मारायची (म्हणजे शिडाचा खालचा भाग दुमडून ते लहान करायची) पद्धत: बोट वाऱ्याकडं थोडी वळवा, जिब चालू राहू द्या, मेनशीट (मेन आवळायची दोरी) अन् व्हँग (बूम खाली ओढून धरणारी दोरी) ढिला सोडा, बूमला (मेनच्या तळाच्या आडव्या दांड्याला) वरून टॉपिंग लिफ्टचा (डोलकाठीच्या शेंड्याकडून येणाऱ्या दोरीचा) आधार द्या नाहीतर तो डोक्यात बसतो. हॅलयार्ड (शीड वर चढवायची दोरी) खुणेपर्यंत सोडा (खूण घरूनच करून ठेवा, रंगीत दोऱ्यानं चार टाके घातले तरी चालतं), शिडाचं डोलकाठीजवळचं कडं हुकात अडकवा, हॅलयार्ड परत कडक ताणा. मग मागची रीफ दोरी ओढायची, शिडाचा कोपरा बूमला टेकेपर्यंत. टेकेपर्यंत म्हणजे टेकेपर्यंतच, वीतभर राहिलं चालतंय असं नाही.

आता आमच्या दुखण्याची गोष्ट. रीफच्या ओळीत मधल्या बारक्या दोऱ्या असतात त्या फक्त लोंबणारं कापड गोळा करायला, ताण घ्यायला नाहीत. मागच्या हिवाळ्यात एक मेन आला, मधली आयलेटं (दोरी ओवायची धातूची कडी) ओळीनं उपटलेली, शर्टाची बटणं तुटावीत तशी, अन् प्रत्येक भोकापासून हातभर चीर. मागची दोरी ढिली राहिली होती अन् मधल्या दोऱ्या गच्च आवळल्या होत्या, सगळा वारा त्या बारक्या भोकांवर आला. आमच्या कारागिरानं दोन दिवस घातले त्यात. त्या दोऱ्या ढिल्या बांधा, अन् रीफ सोडताना आधी त्याच सोडा.

फर्लरवर (पुढचं शीड गुंडाळायच्या यंत्रावर) जेनोआ गुंडाळताना शीटची (शीड आवळायच्या दोरीची) कप्पी पुढं सरकवायला विसरू नका, नाहीतर वरचं कापड नुसतं फडफडतं अन् शिवण उसवते. तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त गुंडाळलं की त्याची पिशवी होते, तिथं लहान जिब बरा.

रीफ कधी मारायचा? मनात आलं की लगेच. वारा पाठीवर असताना फसगत होते. 16 नॉट वारा अन् बोट 6 नॉटनं चाललीय तर अंगाला 10 च लागतात, सगळे चहा घेत मजेत असतात, अन् परत फिरलात की तोच वारा 20 च्या आसपास लागतो. फिरायच्या आधीच रीफ मारा. मुंबईकडं दुपारनंतर समुद्रावरचा वारा चढतो, म्हणून सकाळी वारा नसताना बोट बांधलेली असतानाच प्रॅक्टिस करून घ्या, घरच्यांना पण शिकवा, एकट्याचं काम नाही ते.

जुनं शीड ताणून पोट सुटलेलं असेल तर रीफ मारून पण बोट कलतेच, ते आम्हाला दाखवा. दुसरा रीफ बसवायचा असेल तर बूमची लांबी अन् हुकाची जागा मोजून आणा. अन् शीड आणण्याआधी गोड्या पाण्यानं धुऊन वाळवा, खारानं आमच्या मशीनच्या सुया खराब होतात.