मसाई मारा: रिझर्व्हमध्ये राहायचं की कन्झर्व्हन्सीत?

केनियाच्या टूरच्या कागदावर नुसतं ‘मसाई मारा, ३ रात्री’ असं लिहिलेलं असतं. त्या नावाखाली दोन वेगळे कारभार चालतात. एक सरकारी, म्हणजे मसाई मारा नॅशनल रिझर्व्ह: साधारण १,५०० चौरस किलोमीटर, नारोक काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाच्या ताब्यातलं. दुसरा, त्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला पसरलेल्या कन्झर्व्हन्सींचा, म्हणजे खासगी जमिनीवरच्या राखीव रानांचा: मारा नॉर्थ, ओलारे मोतोरोगी, नाबोइशो वगैरे. मध्ये कुंपण नाही. सिंह, हत्ती दोन्हीकडे खुशाल फिरतात. हद्द पाळायची ती गाड्यांनी.

ताडोबा पाहिलेला माणूस लगेच म्हणेल, म्हणजे आपलं कोअर (गाभ्याचं जंगल) आणि बफर (त्याच्या भोवतीचा पट्टा). तिथेच गफलत होते. बफरचा कारभार व्याघ्र प्रकल्पाच्याच हातात असतो, आणि दुय्यम जंगल अशी त्याची ओळख आहे. कन्झर्व्हन्सीची जमीन मसाई या तिथल्या पशुपालक समाजातल्या कुटुंबांच्या मालकीची. पूर्वी सामाईक असलेली कुरणं कुटुंबागणिक वाटली गेली, तेव्हा जो तो आपल्या तुकड्याला तारा ठोकणार आणि प्राण्यांच्या वाटा बंद होणार, हे दिसू लागलं. मग शेजारशेजारच्या मालकांनी जमिनी एकत्र करून त्या पर्यटनासाठी भाडेपट्ट्याने दिल्या. भाडं मालकांना मिळतं, कॅम्पची संख्या मर्यादित राहते. २०१० साली सुरू झालेल्या नाबोइशोत असे सुमारे ५०० मालक आहेत. काही भागांत ठरवून दिल्याप्रमाणे त्यांची गुरंही चरतात. बिबट्याच्या मागावर असताना मध्येच गाईंचा कळप आला म्हणून तोंड वाकडं करणारे पर्यटक असतात. आपण कोणाच्या रानात उभे आहोत हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

फिरण्याचे नियम यातूनच वेगळे झाले. रिझर्व्हमध्ये गाडी रस्ता सोडून न्यायची नाही, पायी फिरायचं नाही, अंधार पडल्यावर सफारी नाही. कन्झर्व्हन्सीत बहुतेक ठिकाणी हे तिन्ही चालतं, अर्थात गाइडच्या देखरेखीखाली. शिवाय तिथे फक्त मुक्कामाला असलेल्यांच्या गाड्या फिरतात. ओलारे मोतोरोगीत तर एका तंबूमागे ७०० एकर असा हिशेब ठेवलाय. त्यामुळे चित्त्याभोवती तीन-चार गाड्या असतात. रिझर्व्हमध्ये हंगामात तशाच एका चित्त्याभोवती किती असतील, ते विचारू नका.

मग रिझर्व्ह कशासाठी? विल्डबीस्टसाठी, म्हणजे गुरांसारख्या दिसणाऱ्या आफ्रिकन हरणांसाठी. जुलै ते ऑक्टोबरच्या सुमारास शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतून येणारे त्यांचे कळप मारा नदी ओलांडतात, आणि त्या ओलांडणीच्या बहुतेक प्रसिद्ध जागा रिझर्व्हमध्ये आहेत. त्यातही नदीच्या पश्चिमेचा मारा ट्रँगल हा भाग २००१ पासून मारा कन्झर्व्हन्सी नावाची संस्था सांभाळते. नावावर जाऊ नका, तो रिझर्व्हचाच भाग आहे! कन्झर्व्हन्सीत राहून रिझर्व्हमध्ये जाता येतं, त्या दिवसाची प्रवेश फी वेगळी भरून. उलट मात्र जमत नाही.

ही फी किरकोळ नाही. २०२४ पासून परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. कन्झर्व्हन्सीतले कॅम्प एरवी बरेच महाग असतात. म्हणून कळप नदी ओलांडताना पाहायचेच असतील तर माझं मत: पैसे रिझर्व्हमधल्या किंवा ट्रँगलजवळच्या मुक्कामावर घाला. ती ओढ नसेल, तर फेब्रुवारीत कन्झर्व्हन्सी गाठा. सिंह, चित्ते वर्षभर तिथेच असतात, गर्दी नसते.

आणि सगळ्यात जास्त घोळ होतो तो तिसऱ्याच प्रकारात. रिझर्व्हच्या सेकेनानी किंवा तालेक गेटच्या बाहेर स्वस्त कॅम्पची रांग आहे. नावात ‘मारा’ असतं, पण त्यातले बरेच यांपैकी कशातच बसत नाहीत. तिथे राहिलात तर रोज गेटमधून आत जायचं, आणि तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढंच चालतं. बुकिंग करताना एजंटाला कॅम्पचं नाव विचारून भागणार नाही. कॅम्प गेटच्या आत आहे, बाहेर आहे की कुठल्या कन्झर्व्हन्सीत, आणि दिलेल्या दरात किती दिवसांची फी धरली आहे, हे लेखी घ्या.