विहिरीतल्या पर्कचा माग

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात कॅम्प लेजून हा मरीन सैनिकांचा मोठा तळ आहे. तिथल्या टॅरावा टेरेस वसाहतीला पाणी देणाऱ्या टीटी-२६ या विहिरीत जानेवारी १९८५ मध्ये लिटरमागे १,५८० मायक्रोग्रॅम टेट्राक्लोरोइथिलीन हे ड्राय क्लीनिंगचं द्रावक सापडलं. फेब्रुवारीतल्या एका नमुन्यात आकडा आला ३.८. जूनमध्ये तो पुन्हा हजाराच्या वर होता. तिथली पिण्याच्या पाण्याची आजची मर्यादा ५ आहे. म्हणजे फेब्रुवारीचा तेवढाच कागद हाती असता, तर विहीर पिण्यालायक ठरली असती!

हे द्रावक, धंद्यातल्या बोलीत ‘पर्क’, आलं होतं तळाबाहेरच्या ड्राय क्लीनिंगच्या दुकानातून. यंत्रातून निघणारं पर्कमिश्रित पाणी सेप्टिक टाकीत जाई आणि पर्क शुद्ध करताना मागे उरलेल्या गाळाने आवारातले खड्डे बुजवले जात.

पर्क पाण्याच्या १.६ पट जड. सांडलेलं पर्क भूजलाच्या पातळीशी थांबत नाही, खाली उतरत जातं आणि चिकणमातीच्या थरावर साचतं. तिथून थोडं थोडं विरघळत ते वर्षानुवर्षं वाहत्या भूजलात मिसळतं. लिटरभर पर्क सुमारे ३२ कोटी लिटर पाणी त्या ५ च्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं.

म्हणून निरीक्षण विहिरी, म्हणजे भूजलाचे नमुने घेण्यापुरती खोदलेली अरुंद भोकं, एकाच जागी वेगवेगळ्या खोलीवर घ्याव्या लागतात. साधारण ५० मिमी व्यासाचा पीव्हीसी पाइप, त्याचा फक्त तळाचा दीड ते तीन मीटर भाग बारीक चिरांचा, भोवती धुतलेली वाळू आणि वर बेंटोनाइट या पाण्याने फुगणाऱ्या मातीचं बूच. चिरांचा भाग लांबलचक ठेवला की स्वच्छ थरातलं पाणी मिसळतं आणि आकडा फसवा कमी येतो. खोदताना चिकणमातीचा थर बेफिकिरीने फोडला, तर साचलेल्या पर्कला खालच्या थरात उतरायला आपणच वाट करून देतो. आधी बाहेरचा पाइप बसवून सील करायचा, मगच पुढे खोदायचं. प्रवाहाची दिशा कळायला एका रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरींची पाणीपातळी लागते.

खरी कसोटी नमुना घेताना लागते, कारण पर्क हवेत उडून जातं. बेलर म्हणजे दोरीला बांधलेली नळी विहिरीत सोडून पाणी डचमळवलं किंवा वरून शोषणाऱ्या पंपाने ओढलं, की काही पर्क तिथेच निसटतं. त्यापेक्षा ब्लॅडर पंप, म्हणजे आतली पिशवी हवेने दाबून पाणी वर ढकलणारा पंप, चिरांच्या मधोमध सोडावा, मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर इतक्याच वेगाने पाणी काढावं आणि विहिरीची पातळी १० सेंटिमीटरहून जास्त उतरू देऊ नये. दर तीन ते पाच मिनिटांनी पीएच, विद्युतवाहकता आणि विरघळलेला ऑक्सिजन पाहायचा. सलग तीन वेळा पीएच ०.१ च्या आत, वाहकता ३ टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजन १० टक्क्यांच्या आत राहिला, की पाणी थरातलं आहे असं मानून कुपी भरायची.

कुपी ४० मिलिलिटरची, आत जंतूंची करामत थांबवायला आधीच घातलेलं थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल. काठावर पाण्याचा फुगवटा येईपर्यंत अलगद भरायची, झाकण लावून उलटी करायची, टिचकी मारायची. बुडबुडा दिसला तर वरून पाणी घालू नका, आम्ल वाहून जातं. नवी कुपी घ्या. पाण्यात कार्बोनेट असून आम्लाने ते फसफसत असेल, तर बिनआम्लाचा नमुना घेऊन सात दिवसांत तपासायचा. एरवी ४ अंश सेल्सियसला चौदा दिवस चालतो. प्रयोगशाळेतून शुद्ध पाणी भरून आलेली एक बंद कुपी न उघडता सोबत फिरवावी. तिच्यात पर्क निघालं तर ते वाटेत शिरलेलं. नमुने घ्यायला जाताना ड्राय क्लीन केलेला कपडा अंगावर नको, आणि सगळ्यात स्वच्छ विहिरीपासून सुरुवात करावी.

तपासणी एकट्या पर्कची करून भागत नाही. ऑक्सिजन नसलेल्या थरात जिवाणू त्यातला एकेक क्लोरीन काढतात: आधी ट्रायक्लोरोइथिलीन, मग डायक्लोरोइथिलीन, मग विनाइल क्लोराइड, शेवटी निरुपद्रवी इथिलीन. पर्क घटलं म्हणून खूश व्हावं, तोवर विनाइल क्लोराइड वाढलेलं असतं. ते माणसात कर्करोग घडवतं आणि त्याची मर्यादा २ मायक्रोग्रॅमच आहे. शिवाय पर्क भरपूर असेल तर प्रयोगशाळा नमुना पातळ करते. शंभर पट पातळ केला की ०.५ ची शोधमर्यादा (ज्याच्या खालचं प्रमाण चाचणीला दिसत नाही तो आकडा) ५० होते, आणि अहवालात विनाइल क्लोराइडपुढे सरळ ‘आढळले नाही’ असं छापून येतं. शेजारचा शोधमर्यादेचा रकाना वाचा. तो २ च्या वर असेल तर कमी पातळ केलेल्या नमुन्याची चाचणी मागून घ्या.